पाटी कंपनीची, सही बाईंची

या मालिकेत आपण छोट्या धंद्यांचं अर्थकारण समजून घेतोय. आज खाण्यापिण्याच्या धंद्याकडे वळू, आणि त्यातही एका विशिष्ट व्यक्तीकडे: मोठ्या साखळीतल्या उपाहारगृहाची फ्रँचायझी घेऊन ते चालवणारी मालकीण.

आठ मार्च जवळ आला की अशा बाईंची बातमी हमखास येते. पाटी जगप्रसिद्ध कंपनीची, गल्ल्यामागे बाई उभ्या, शेजारी हसऱ्या मुली गणवेशात. मजकुरात दोन गोष्टी असतात. एक, बाईंनी इतर बायकांना पुढे आणलं. दोन, त्यांनी आपल्या गावाला काहीतरी दिलं, म्हणजे वह्या, जेवण, शिष्यवृत्ती, दवाखान्याला देणगी. आपण वाचतो, बरं वाटतं आणि पान उलटतो.

आज ते पान उलटायचं नाही. दोन साधे प्रश्न घेऊन बसू. पाटी जर कंपनीची असेल, तर या बाईंच्या हातात नेमकं काय असतं? आणि त्या जे देतात ते कुठून येतं? ही दोन उत्तरं सापडली, की नेतृत्व आणि दान हे शब्द बातमीतून खाली उतरून हिशेबाच्या वहीत येतात. आणि खरी परीक्षा तिथेच होते.

आधी हिशेब

फ्रँचायझी म्हणजे काय, तर नाव, पाककृती, यंत्रं, रंगसंगती, पद्धत हे सगळं कंपनीचं. पैसा, कर्ज, नोकरमाणसं आणि जोखीम चालवणाऱ्याची. करार बहुतेक वेळा लांबचा असतो. अमेरिकेत मॅकडॉनल्ड्सचा करार साधारण वीस वर्षांचा असतो. जगभरातल्या मॅकडॉनल्ड्सपैकी सुमारे ९५ टक्के दुकानं कंपनी स्वतः चालवत नाही, अशी फ्रँचायझीवाली माणसं चालवतात.

कंपनीला मिळतं काय? सुरुवातीची एकरकमी फी, आणि मग दरमहा विक्रीचा वाटा. बर्गर किंगचा अमेरिकेतला रूढ दर साडेचार टक्के स्वामित्वशुल्क आणि जाहिरातीसाठी चार टक्के असा राहिला आहे. मॅकडॉनल्ड्सने अमेरिकेत नव्या दुकानांसाठी हे शुल्क २०२४ पासून चारवरून पाच टक्के केलं. ऐकायला फार वाटत नाही. पण एक शब्द नीट ऐका: विक्रीचा वाटा. नफ्याचा नव्हे.

फरक किती पडतो ते एका ढोबळ उदाहरणाने पाहू. आकडे फक्त समजण्यापुरते आहेत. समजा १०० रुपयांची विक्री झाली. कंपनीचे ९ रुपये. कच्चा माल ३०. पगार २८. भाडं १०. वीज, गॅस, पॅकिंग, दुरुस्ती, कर्जाचा हप्ता मिळून १३. एकूण ९० गेले, मालकिणीला उरले १०.

आता कंपनीने ठरवलं की महिनाभर दहा टक्के सवलत द्यायची. तोच माल, तेवढीच गिऱ्हाइकं, पण विक्री ९० रुपये. कंपनीला ९ ऐवजी ८ रुपये १० पैसे मिळाले. तिचे ९० पैसे कमी झाले. आणि मालकिणीचे? माल, पगार, भाडं, बाकी खर्च तेवढाच, ८१ रुपये. त्यात कंपनीचे ८ रुपये १० पैसे मिळवा, झाले ८९ रुपये १० पैसे. उरले ९० पैसे. दहा रुपयांचे नव्वद पैसे झाले! सवलतीमुळे गर्दी वाढली तर गणित सुधारतं, हे खरं. पण गर्दी वाढेल की नाही याची चिंता तिची, सवलत ठरवण्याचा अधिकार बहुतांशी दुसऱ्याचा.

मग तिच्या हातात राहतं काय? पदार्थाची चव नाही. पाटीचा रंग नाही. जाहिरात नाही. पुष्कळदा माल कुणाकडून घ्यायचा हेही नाही. राहतात ती माणसं. कुणाला कामावर घ्यायचं, किती पगार द्यायचा, कोणती पाळी कुणाला, बढती कुणाला, आणि गावाशी नातं कसं ठेवायचं. फ्रँचायझीच्या मालकिणीचं नेतृत्व शोधायचं असेल तर ते इथेच शोधावं लागतं, कारण बाकी सगळीकडे कंपनीने आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

नेतृत्व पाळीच्या तक्त्यात दिसतं

उपाहारगृहातली शिडी अशी असते. खाली काउंटरवरची आणि स्वयंपाकघरातली मुलं-मुली. त्यावर पाळीप्रमुख, म्हणजे शिफ्ट मॅनेजर. त्यावर दुकानाचा व्यवस्थापक. त्याच्यावर चार-सहा दुकानं बघणारा. आणि मग मालक. खालच्या पायरीवर मुली भरपूर दिसतात. प्रश्न दुसऱ्या पायरीचा आहे.

पाळीप्रमुख व्हायचं तर दुकान बंद करता यायला हवं. रात्री गल्ला मोजायचा, तळणीचं तेल गाळायचं, शीतगृहाचं तापमान नोंदवायचं, कुलूप लावायचं. यात रात्रीचे बारा वाजतात. ज्या मुलीला रात्री घरी सोडणारं कुणी नाही, किंवा जिचं लेकरू शेजारणीकडे झोपलंय, ती म्हणते, मला सकाळचीच पाळी द्या. तिला सकाळचीच पाळी मिळते, आणि बढती मिळते रात्रीच्या पाळीवाल्याला. इथे कुणी कुणाला मुद्दाम अडवलेलं नसतं. तक्ताच तसा बनलेला असतो.

तक्ता बनवणं मात्र मालकिणीच्या हातात असतं. रात्री घरी सोडायला गाडी ठेवायची का? बंद करण्याचं शिक्षण आठवड्यातून एकच दिवस, दोघींना मिळून द्यायचं का? गल्ला आणि मालाचा हिशेब सकाळच्या पाळीतही शिकवता येईल का? पाळी किती दिवस आधी सांगायची? या बारीकसारीक निर्णयांवर कुणाची दहा वर्षं ठरतात.

न्यूयॉर्क शहराने २०१७ पासून यातल्या काही गोष्टी कायद्यातच आणल्या. मोठ्या साखळ्यांच्या फास्टफूड दुकानांनी कामगाराला पाळी चौदा दिवस आधी सांगायची. रात्री दुकान बंद करणाऱ्यालाच अकरा तासांच्या आत पुन्हा उघडायला बोलावलं, तर त्याची लेखी संमती आणि वर १०० डॉलर. आपल्याकडे २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात स्त्रियांच्या कामाची वेळ सकाळी सात ते रात्री साडेनऊ धरली आहे. त्यानंतर काम करायचं तर तिची संमती हवी आणि सुरक्षिततेची पुरेशी व्यवस्था हवी. कायदा एवढं सांगतो. पण संमती देणं परवडावं अशी परिस्थिती तयार करणं, म्हणजे गाडी, सोबत, पाळणाघर, हे मालकाचंच काम. कायद्याने बंधन घातलं म्हणून मुलींना रात्री ठेवतच नाही, असं म्हणणारा मालक नियम पाळतो, पण त्याच नियमाने मुलीची बढतीही अडवतो.

म्हणून आमचं म्हणणं असं, की एखादी मालकीण स्त्रियांना पुढे आणते का, हे बघायचं तर भाषण ऐकू नका. तिच्या दुकानात रात्री कुलूप कोण लावतं ते विचारा.

सही कुणाची

आता शिडीची शेवटची पायरी, मालकी. मालकीला भांडवल लागतं, भांडवलाला कर्ज आणि कर्जाला सही.

अमेरिकेत १९७४ साली समान पतसंधी कायदा आला. कर्ज देताना स्त्री आहे म्हणून किंवा लग्न झालंय म्हणून भेद करायचा नाही, असं ठरलं. तरी धंद्याच्या कर्जासाठी पुरुष नातेवाइकाची सही मागण्याची वाट काही राज्यांत शिल्लक होती. ती बंद झाली १९८८ च्या महिला व्यवसाय मालकी कायद्याने. १९८८! आपल्यापैकी अनेकांचा जन्म त्याआधीचा आहे.

या पार्श्वभूमीवर व्हॅलरी डॅनिएल्स-कार्टर यांच्याकडे बघा. विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीच्या या कृष्णवर्णीय बाई. आधी त्यांनी बँकेत काम केलं. म्हणजे कर्ज मागणारा माणूस टेबलाच्या पलीकडून कसा दिसतो, हे त्यांना ठाऊक होतं. १९८४ साली त्यांनी बर्गर किंगची पहिली फ्रँचायझी सुरू केली. सोबत भाऊ जॉन डॅनिएल्स, पेशाने वकील. दोघांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून कंपनीचं नाव व्ही अँड जे. पुढे दुकानांची संख्या अनेक पटींनी वाढली, पिझ्झा हटची दुकानं आली, आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या मालकीच्या सर्वांत मोठ्या फ्रँचायझी कंपन्यांत व्ही अँड जेची गणना होऊ लागली.

ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते, आणि जिद्द होतीच. पण यात अजून दोन गोष्टी होत्या: कर्जाची भाषा येणारी बहीण आणि कराराची भाषा येणारा भाऊ. ज्या मुलीच्या घरात या दोन्ही भाषा कुणालाच येत नाहीत, तिला नुसती जिद्द पुरत नाही. म्हणून मालकीण झालेल्या बाईने दुसरीला पुढे आणायचं म्हणजे तिला ताळेबंद वाचायला शिकवायचं, करारातली बारीक अक्षरं वाचायला शिकवायचं, बँकेत तिच्यासोबत जायचं. सत्काराची शाल त्यानंतर आली तरी चालेल.

देणं कुठून येतं

आता दुसरा प्रश्न, दान. इथे दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवू.

पहिली फिलाडेल्फियाची. १९७४ साली तिथे एक घर उघडलं. मुलांच्या रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी राहायचं कुठे, हा प्रश्न होता. डॉक्टर ऑड्री इव्हान्स यांना तो रोज दिसत होता. तिथल्या ईगल्स या फुटबॉल संघातले खेळाडू फ्रेड हिल यांची मुलगी रक्ताच्या कर्करोगाने आजारी होती. संघ, डॉक्टर आणि शहरातले मॅकडॉनल्ड्सवाले एकत्र आले. शॅमरॉक शेक नावाच्या हिरव्या मिल्कशेकच्या विक्रीतून पैसा उभा राहिला. हेच पहिलं रोनाल्ड मॅकडॉनल्ड हाउस. पुढे ती जगभर पसरलेली संस्था झाली. मुंबईत टाटा रुग्णालयाच्या आसपास ज्यांनी पदपथावर झोपलेली कुटुंबं पाहिली आहेत, त्यांना या घराची किंमत सांगायला नको. परळची नाना पालकर स्मृती समिती आपल्याकडे हेच काम करते.

दुसरी पेनसिल्व्हेनियाची. अॅन बायलर, अमिश शेतकरी कुटुंबातली बाई, शाळा आठवीपर्यंत. १९७५ साली त्यांची दीड वर्षाची मुलगी अपघातात गेली आणि संसार हादरला. त्यातून बाहेर येताना नवऱ्याच्या मनात आलं की अडचणीत सापडलेल्या जोडप्यांना मोफत समुपदेशन द्यावं. मोफत द्यायचं तर घर कशावर चालणार? म्हणून १९८८ मध्ये बाईंनी डाउनिंगटाउनच्या शेतकरी बाजारात गाळा घेतला. पैसे सासऱ्यांकडून उसने घेतले. त्याच गाळ्यातून आंटी अॅन्स ही प्रेट्झेलची साखळी उभी राहिली. प्रेट्झेल म्हणजे वेटोळं घातलेला पाव. इथे बाई फ्रँचायझी घेणाऱ्या नव्हत्या, देणाऱ्या होत्या. कायद्याने पुरुषाची सही रद्द केली त्याच वर्षी या बाईंचं भांडवल सासऱ्यांच्या खिशातून आलं, हे जाता जाता लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दोन्हीत फरक काय? फिलाडेल्फियात धंदा आधी होता, गरज समोर आली, आणि विक्रीचा एक भाग तिकडे वळवला. बायलर यांच्याकडे गरज आधी होती आणि धंदा तिच्यासाठी निघाला. दोन्ही मार्ग चांगले. पण दोन्हीत नेमका कुणाचा पैसा जातोय हे स्पष्ट होतं.

आज ते नेहमी स्पष्ट नसतं. गल्ल्यावर तुम्हाला विचारतात, बिल पूर्णांकात करू का, उरलेले संस्थेला जातील. तुम्ही हो म्हणता. तो पैसा तुमचा आहे. दुकानाने तो गोळा केला, हेही काम आहे, पण त्याला दुकानाचं दान म्हणता येत नाही. दुसरा प्रकार, कर्मचाऱ्यांनी सुटीच्या दिवशी शाळा रंगवली. तो वेळ कर्मचाऱ्यांचा. त्या दिवसाचा पगार दिला असेल तरच ते मालकाचं देणं. तिसरा प्रकार, उरलेल्या दहा रुपयांतून मालकिणीने एक रुपया बाजूला काढला. हे तिचं देणं. मघाचं गणित आठवा, दहाचे नव्वद पैसे व्हायला एक सवलत पुरते. म्हणून तिसऱ्या प्रकाराचं मोल जास्त.

कायद्याची सक्तीही नसते. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला सांगितलं, पण ते निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एखादी मर्यादा गाठणाऱ्या कंपन्यांना. एक-दोन शाखा चालवणारी बाई त्यात येत नाही. ती देते ते स्वेच्छेने.

आणि इथे एक अवघड गोष्ट बोललीच पाहिजे. गावाला देणारी मालकीण आपल्या स्वयंपाकघरातल्या माणसाला काय देते? अमेरिकेत संघराज्याचं किमान वेतन जुलै २००९ पासून ताशी सव्वासात डॉलरवरच आहे. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२४ मध्ये मोठ्या साखळ्यांच्या फास्टफूड कामगारांसाठी ते २० डॉलर केलं. तेव्हा फ्रँचायझीवाल्यांनी तक्रार केली की वाढीव पगार आम्ही द्यायचा आणि कंपनी आपला वाटा मात्र विक्रीवर तेवढाच घेणार. मघाचा हिशेब पाहिला तर तक्रारीत तथ्य आहे. पण कामगाराचंही पोट आहे. या ओढाताणीत मालकीण मधोमध उभी असते. तिथे ती काय करते, यावर तिच्या दानाचा खरा अर्थ ठरतो. शाळेला वह्या देणाऱ्या दुकानातल्या बाईला स्वतःच्या मुलाच्या वह्यांसाठी उचल मागावी लागत असेल, तर त्या दानाचा क्रम चुकला आहे.

आपल्याकडचे दोन धडे

मराठी मुलखात हा प्रश्न नवा नाही. गिरणगावातल्या खानावळवाल्या आठवा. एकेका खोलीत वीस-पंचवीस गिरणी कामगारांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या बायका. वाण्याची उधारी, सावकाराचं व्याज. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तारण काही नव्हतं, म्हणून एकमेकींना जामीन राहून राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवलं. इथेही सुरुवात सहीपासूनच झाली, पण ती नवऱ्याची किंवा भावाची सही नव्हती, शेजारणीची होती.

त्याआधी १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. ते लिज्जत. तिथे काम करणारी प्रत्येक जण सभासद बहीण, नफ्या-तोट्यात वाटेकरी. लिज्जतच्याही अनेक शाखा आहेत, पाटी एकच आहे, चव एकच ठेवावी लागते. म्हणजे वरून पाहिलं तर फ्रँचायझीसारखंच. फरक असा, की उरलेले दहा रुपये कुणाचे, हे तिथे लाटणाऱ्या बायकाच ठरवतात.

म्हणून फ्रँचायझी वाईट आणि सहकार चांगला, असं आम्ही म्हणत नाही. फ्रँचायझीत तयार नाव मिळतं, प्रशिक्षण मिळतं, पद्धत मिळते. नवख्या बाईला याचा मोठा आधार असतो. फक्त तिला कुठे सत्ता आहे आणि कुठे नाही, हे तिला आधी कळायला हवं.

श्रोत्यांतून एक प्रश्न

एका ताईंनी विचारलंय: चहाच्या साखळीची शाखा घ्यायची आहे, साठवलेले पैसे त्यात घालणार आहे, काय बघू?

ताई, अमेरिकेत कंपनीला सही करण्याच्या किमान चौदा दिवस आधी सगळी माहिती लेखी द्यावी लागते, माहिती आधी देण्याचा नियम तिथे १९७९ पासून आहे. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, मुख्य आधार १८७२ च्या करार कायद्याचा. त्यामुळे चौदा दिवस तुम्हीच स्वतःला द्या. एक, शुल्क विक्रीवर की नफ्यावर, आणि विक्री पडली तर काय? दोन, माल त्यांच्याकडूनच घ्यायचा असेल तर कोणत्या भावाने, आणि भाव कोण वाढवणार? तीन, शेजारच्या चौकात दुसरी शाखा देणार नाही, हे लिहून देणार का? चार, करार मोडायचा झाला तर अनामत परत मिळते का? पाच, बंद पडलेल्या शाखांचे मालक कोण, त्यांच्याशी बोलता येईल का? पाचव्या प्रश्नाचं उत्तर टाळलं गेलं, तर पैसे बँकेतच राहू द्या.

आणि ताई, कर्ज, भाडेकरार, परवाना यांवर तुमचंच नाव आणि तुमचीच सही असू द्या. पाटीवर तुमचा फोटो आणि कागदावर दुसऱ्याचं नाव, असं होऊ देऊ नका. दुकान चाललं, की पहिल्या वर्षात एका मुलीला गल्ला बंद करायला शिकवा, आणि तिला रात्री घरी पोचवायची सोय करा. वह्यावाटप दुसऱ्या वर्षी केलं तरी चालेल.

इथे थांबू. पुढच्या वेळी खानावळीपासून केटरिंगपर्यंतचा प्रवास बघू.